पातळ बॉडीची गिटार: १४ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात गिटारचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती छोटी पट्टी, नवीन बसवून आणलं म्हणून हे लिहायला बसले. सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं आणि जुलैमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय, आणि अंगाला गिटार बसते की नाही ते नावावरून कळत नाही, मापावरून कळतं.

माझी उंची ५ फूट. अकरा वर्षं दादाची जुनी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीची गिटार, वाजवली. ते नावच मुळात १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेचं, मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९१६ मध्ये त्या आकाराच्या पहिल्या गिटारी बनवल्या, तेव्हा अॅम्प्लिफायर नव्हते, आवाज मोठा हवा तर पेटी मोठी हवी असा सरळ हिशेब. मार्टिनच्या मापाने ही पेटी तळाशी पावणेपाच इंचांहून जास्त खोल असते. आता ती मांडीवर घेऊन माझ्यासारखीने सोप्यावर बसायचं, उजवा हात वरून टाकायचा, म्हणजे खांदा कानाकडे चढतो आणि तासभर तिथेच राहतो. दोन वर्षांपूर्वी तो खांदा असा धरला की वेणी घालता येईना. फिजिओबाईंनी गिटार घेऊन यायला सांगितलं, मला वाजवताना बघितलं आणि म्हणाल्या, व्यायाम करत राहशील पण ही पेटी मांडीवर आहे तोवर काही खरं नाही.

मग फोंड्याहून पणजीला कदंबा बसने चार फेऱ्या. मुलांची पाऊण साइज घेऊन बघितली, खांदा खूश पण गळा इतका आखूड की वरच्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) माझी बोटं एकमेकांवर चढायला लागली. ओएम साइजची, म्हणजे ड्रेडनॉटपेक्षा लहान, घेतली, तिची खोली चार इंचांच्या थोडी वर, कंबर बारीक, त्यामुळे मांडीत खाली बसते, आवाज सुंदर, पण किंमत ऐकून खाली ठेवली. यामाहाची एपीएक्स सिरीज १९८७ पासून येते, तिच्यातली एपीएक्स ६०० म्हणजे खोली ८ ते ९ सेंटिमीटर, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिलिमीटर, नेहमीच्या ६५० पेक्षा आखूड म्हणून तारा थोड्या मऊ लागतात. ती आवडली होती पण त्या दिवशी शिल्लक नव्हती. शेवटी तशाच मापाची, सॉलिड स्प्रूस लाकडाच्या टॉपची (पुढची फळी), अॅम्पला जोडता येणारी पिकअपवाली दुसरी घेतली, २३,५०० ला. मी पैसे जपून खर्च करणारी बाई आहे, एवढे पैसे मी फक्त फ्रिजला घातलेत.

पहिला महिना वाईट गेला. खांदा उतरला हे खरं, पहिल्याच संध्याकाळी जाणवलं, पण आवाज! पेटीत हवाच कमी, त्यामुळे खालचा सूर भरत नाही. जी कॉर्ड वाजवली की पोटाला जो गडगडाट लागायचा तो गेलाच. मी दोनदा परत करायला निघाले होते. मग भाच्याने अंगणात उभं राहून दोन्ही गिटारी फोनवर रेकॉर्ड केल्या आणि ऐकवल्या. समोरून ऐकताना फरक माझ्या कानाला वाटत होता त्याच्या निम्मापण नाही. आवाज टॉपवरून आणि भोकातून पुढे जातो, वाजवणाऱ्याला त्याची कड तेवढी ऐकू येते, आणि पातळ पेटीत तर तीही कमी. तेव्हा दुकानात एकट्याने ऐकून पातळ गिटार नापास करू नका, कुणालातरी वाजवायला सांगा आणि स्वतः समोर बसा.

नोव्हेंबर ते मे मी तिच्यावर खूश होते. रोज पाऊण तास, खांद्याचं मलम कपाटात गेलं. बॅटरीचं एक लक्षात ठेवा, केबल जॅकमध्ये घातली की गिटारमधला सेलवर चालणारा प्रीअॅम्प चालू होतो, अॅम्प बंद असला तरी, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. हे मला दोन जोड सेल संपल्यावर कळलं.

मग जून आला. आमच्याकडचा जून म्हणजे भिंतीला ओल, पापड मऊ, कपाटातल्या चपलांवर बुरशी. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के दमट हवा मानवते, इथे पावसात ८५-९० असते. सॉलिड लाकूड पाणी पितं आणि फुगतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एफ कॉर्ड धरताना बोट दुखायला लागलं, मला वाटलं हात बिघडला. पट्टी लावून बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजली, घेतली तेव्हा अडीच मिलिमीटर होती ती साडेतीन भरली. ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या, मागे टॉप फुगलेला, आडवी पट्टी ठेवली की दोन्ही बाजूंनी उजेड दिसत होता.

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, आमच्याकडे पाच दिवस आरत्या, घुमट (मातीचं चर्मवाद्य) आणि झांजांबरोबर मी वाजवते, म्हणून घाईने दुकानात नेली. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, हवामान आहे. वाद घातला, मॅनेजर आला, शेवटी फुकट सेटअप करून देतो म्हणाले. मी जिंकले असं वाटून घरी आले. सेटअप म्हणजे त्यांनी काय केलं, तर सॅडल घासलं. सॅडल म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, जेमतेम आठ सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर जाड, तिच्यावर सगळ्या तारा टेकतात. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचं तर सॅडलमधून दोन मिलिमीटर जातात. त्यांनी दोन काढले. चवथीला हात लोण्यासारखा फिरला, मी दुकानाला फोन करून आभारसुद्धा मानले.

नोव्हेंबरात हवा कोरडी व्हायला लागली, टॉप आपोआप खाली बसला आणि तारा फ्रेटला लागायला लागल्या. जाड ई तार सुटी वाजवली तरी झिर्र. जी कॉर्ड म्हणजे पत्र्यावर वाळू. दुकान म्हणालं, आम्ही तुमच्या सांगण्यावरून केलं. ते शब्दशः खरं आहे, पण लाकूड परत बसणार हे त्यांना माहीत असायला हवं होतं, पावसाच्या गावात गिटारी विकतात. या एका पट्टीवर मी तीन आठवडे झोप घालवली, घरात दुसरा विषय नव्हता.

शेवटी म्हापशाजवळच्या एका मेस्ताकडे (कारागीर) गेले, व्हायोलिनं आणि गिटारी दुरुस्त करतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी गिटार हातात घेऊन आधी नळीतून डोळा लावून बघावं तसा गळा बघितला, मग सॅडल उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. प्लास्टिकचं होतं, एका बाजूला इतकं उतरलेलं की नखाएवढं राहिलेलं. म्हणाले, "बाय, पावसात लाकडाला हात लावायचा नाही. पावसासाठी एक सॅडल, थंडीसाठी एक." हाडाची दोन सॅडल कापून दिली, त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर उंच, दुसरं बुटकं, ९०० रुपयांत दोन्ही. तारा ढिल्या केल्या की सॅडल हातानेच निघतं, चिकटवलेलं नसतं, मी त्यांच्यासमोर दोनदा बदलून बघितलं.

बुटकं सॅडल आता तारांच्या पाकिटात, वर जून असं लिहून ठेवलंय. तारा १२ वरून ११ च्या, म्हणजे जरा बारीक, लावल्यात, त्याने टॉपवरचा ताण कमी होतो आणि माझी बोटं पण सुखी. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आहेत, पावसात दर पंधरा दिवसांनी वाळवायच्या.

दोन गोष्टी अजून खटकतात. बॉडीची वरची कड काटकोनात आहे, हातावर कोपरापासून चार बोटं पुढे लाल रेघ उमटते, फुल बाह्यांचा ब्लाउज घातला की लागत नाही. आणि स्ट्रॅपचं बटण एकच, खालचं, दुसरं मेस्ताने गळ्याच्या खाली बसवून दिलं, ५० रुपये.

मोठी ड्रेडनॉट भाच्याला दिली. तो सहा फूट, त्याच्या मांडीवर ती बरोबर बसते, खांदा जागच्या जागी राहतो.