घट्ट मोजे, आठ महिने

सकाळी पाय जमिनीला टेकवायच्या आधी मोजे चढवायचे, हे आता अंगवळणी पडलंय. गुडघ्यापर्यंतचे, क्लास २ चे. घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा इतका दाब, वर पोटरीकडे तो कमी होत जातो.

ही वेळ आली ती माझ्याच दुर्लक्षानं. पोटरीवर निळसर वेटोळ्या शिरा कित्येक वर्षं होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून सोडून दिल्या. मग आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी पडली, रात्री खाज सुटायला लागली. मी गजकर्ण समजून मलम चोळत बसलो. खरं तर शिरांमधल्या झडपा नीट मिटत नव्हत्या, रक्त खाली साचत होतं आणि लाल पेशींतल्या लोहाचा डाग कातडीत उमटत होता. एकदा खाजवताना साल निघाली, ती जखम भरेचना. दुखायची कमी, पाझरायची फार. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा ओला.

डॉक्टरांनी डॉप्लर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) केली, शिवाय घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. हे प्रमाण ०.८ च्या खाली आलं तर धमन्यांत अडथळ्याची शंका असते, आणि तशा पायाला घट्ट आवळलं तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटू शकतो. तेव्हा शेजाऱ्याला गुण आला म्हणून मोजे आणू नका. माझी जखम थराथरांच्या पट्ट्यांनी अकरा आठवड्यांत भरली. मोजे त्यानंतर, ती पुन्हा उघडू नये म्हणून.

पहिल्या दिवशी एका पायाला वीस मिनिटं लागली, घाम फुटला. युक्ती अशी: मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवून टाच जागेवर बसवायची आणि मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यांनी कापड वर सारत न्यायचं. ओढायचं नाही. आता दोन मिनिटांत होतं. कातडीला मॉइश्चरायझर रात्रीच, मोजे काढल्यावर.

एक चूक सांगतो. वरची कड घसरते म्हणून मी ती दुमडली. संध्याकाळी गुडघ्याखाली बोट मावेल एवढी खाच आणि खालचा पाय टम्म. दुमडलेली कड म्हणजे दोरीच बांधल्यासारखी.

तक्रारी आहेतच. उकाड्यात जीव नकोसा होतो. सहाएक महिन्यांत ताण सैल पडतो, जोड बदलावा लागतो. आणि मोज्यांनी झडपा दुरुस्त होत नाहीत. बिघडलेली शीर लेसरनं बंद करायची तारीख घेतलीय. पण नडगीवर अंगठा दाबला की जो खड्डा राहायचा, तो आता राहत नाही. रात्रीचे पेटके गेले. डाग मात्र तसाच आहे.

बसल्या बसल्या टाचा उचलणं आणि रोज चालणं चालू आहे, पोटरीचा पंप, म्हणजे स्नायूंनी रक्त वर ढकलणं, त्यावरच चालतो. फुगलेली शीर फुटून रक्त आलंच तर आडवं व्हायचं, पाय उंच धरायचा, जागेवर घट्ट दाबून ठेवायचं आणि मदत बोलवायची, हे घरच्यांना शिकवून ठेवलंय.

दुसरा जोड घेताना मापं सकाळी, झोपून उठल्याबरोबर घेतली. घोटा दोन सेंटिमीटरनं कमी भरला. पहिल्या वेळी दुकानात संध्याकाळी, सुजलेल्या पायाचंच माप घेतलं होतं. मोजे घसरत का होते, ते तेव्हा कळलं.