जिप्सीचा एसएस (स्टेनलेस स्टील) सायलेन्सर सोलापुरात बनवून घेतला, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी माझी २००९ ची मारुती जिप्सी, १२९८ सीसी पेट्रोल, सॉफ्टटॉप. घर विजापूर रोडला आणि शेत मंद्रूपच्या पुढं भीमेच्या अंगाला, त्यामुळं आठवड्यातनं चार वेळा तरी येणं-जाणं होतं आणि शेवटचे चार किलोमीटर म्हणजे निव्वळ काळं रान, पावसाळ्यात वापसा नसला की ट्रॅक्टर सोडून दुसरं काही जात नाही तिथं जिप्सी फोर बाय फोर लावून जाते. सायलेन्सर मागच्या श्रावणात बसवला, आता आषाढी येऊन गेली, मधे साधारण ९ हजार किलोमीटर झाले. एक पूर्ण पावसाळा, उसाचा हंगाम आणि आपला ४४ डिग्रीचा उन्हाळा बघून झाला म्हणून आता लिहितोय, नवीन असताना लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

आधी जुन्याचं सांगतो. कंपनीचा सायलेन्सर बाहेरनं धड दिसायचा पण आतनं सडला होता. याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी लांब पळाली की ती वाफ निघून जाते, पण गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरवून बंद केली की तेच पाणी डब्यात साचतं आणि पत्रा आतनं खातं. माझी गाडी दोन वर्षं वडिलांच्या औषधपाण्यासाठी घर ते दवाखाना एवढीच फिरली, त्यात ती लाईन गेली.

मग दिवाळीत ऑनलाईन एक तयार एसएस सायलेन्सर घेतला. कोणाचा ते लिहीत नाही. वर ३०४ (चांगल्या स्टेनलेसचा नंबर) कोरलेलं होतं, फोटोत आरशासारखा चमकत होता, साडेआठ हजार गेले. मी लोहचुंबक लावून बघितला, चिकटला नाही, म्हटलं झालं, अस्सल आहे. पुढच्या पावसाळ्यात जूनचे दोन पाऊस झाले आणि वेल्डच्या दोन्ही बाजूला तांबडे पट्टे आले, ऑगस्टमधे मंद्रूपहून येताना एका खड्ड्यात पुढचा टाका सुटला आणि गाडी फडफड करायला लागली. आई मागं बसली होती, धूर सगळा आत, घरी येईपर्यंत तिचं डोकं धरलं. त्या दिवशी ठरवलं की आता हे काम नीट माणसाकडनंच करायचं.

नीट माणूस सायलेन्सरच्या दुकानात मिळाला नाही, तिथं सगळे एमएस (साध्या लोखंडाचे) पाईप आणि साधं वेल्डिंग, सहा महिन्यांनी परत या म्हणणारे. मग डोक्यात आलं की आपल्या गावात टॉवेल-चादरीच्या डाइंगवाल्यांकडं सगळी टाकी आणि पाइपिंग स्टेनलेसचं असतं, गरम पाणी, केमिकल, वाफ सगळं त्यातनं जातं आणि वर्षानुवर्षं गळत नाही. ते कोण करतं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी केली तर एका शेडमधे एक वयस्कर अण्णा भेटले, आयुष्य डाइंगच्या टाक्या जोडण्यात गेलेलं. मी सुटलेला सायलेन्सर समोर ठेवला आणि चुंबकाचं सांगितलं.

ते म्हणाले, "मालक, चुंबकाला काय कळतंय, दोनशे दोन बी चिकटत नाय की."

मग त्यांनी एक छोटी बाटली काढली, पत्र्यावर एक थेंब टाकला, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली, आणि थेंब तांबडाभडक झाला. शेजारच्या टाकीच्या तुकड्यावर तसाच थेंब टाकला, तो तांबडा झालाच नाही. २०२ मधे निकेल कमी आणि मॅंगनीज जास्त असतं म्हणून स्वस्त पडतं, ३०४ मधे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, दोन्ही चुंबकाला सारखेच वागतात. हे आधी कळलं असतं तर माझे साडेआठ हजार वाचले असते. कोणीही एसएस सायलेन्सर घेताना ही थेंबाची टेस्ट समोर करायला सांगा, दोन मिनिटं लागतात.

नंतर त्यांनी त्याच सायलेन्सरचा टाका ग्राइंडरनं कापून आतली बाजू दाखवली. आत फुलकोबीसारखं काळं खडबडीत साचलेलं. वेल्ड करताना बाहेरनं आर्गन गॅस असतो पण आतनं हवा लागते, स्टेनलेस जळतं आणि तिथनंच गंज आणि चीर सुरू होते. अण्णांनी माझं काम करताना पाईपच्या दोन्ही तोंडांना कागदी टेप लावली, एका बाजूनं बारीक नळी घालून आतही आर्गन सोडला, दुसऱ्या बाजूला टाचणीएवढं भोक ठेवलं, हातानं तिथं वारा लागतोय का बघितलं आणि मगच टॉर्च पेटवली. नंतर आतनं मोबाईलचा उजेड मारून बघितलं तर टाका चांदीसारखा होता. वेल्डिंगचा रॉड ३०८ नंबरचा, आणि जिथं एसएस पाईप जुन्या लोखंडी फ्लँजला (बोल्टनं जोडायच्या कडीला) जोडायचा होता तिथं ३०९ चा. शेवटी सगळ्या टाक्यांना पिकलिंग पेस्ट लावून धुतलं, जळकट रंग काढला. नुसतं पॉलिश केलं की छान दिसतं पण तो रंग खाली राहतो आणि पावसात तिथंच तांबडं येतं.

पाईप पावणेदोन इंची, १६ गेज. मला मित्रांनी सव्वादोन इंची टाक, गाडी पळते असं सांगितलं होतं. मी नाही केलं. मला चिखलात कमी आरपीएमला ओढ पाहिजे, हायवेला शर्यत लावायची नाही, आणि १३०० सीसीच्या इंजिनाला एवढा मोठा पाईप कशाला? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा) आहे तसाच ठेवला, तो काढून टाकायला सांगणारे खूप भेटतील, ऐकू नका. पीयूसीला पण त्रास आणि वास तर इतका येतो की मागच्या सीटवर बसवत नाही.

आवाजाचंही सांगतो. सायलेन्सरचा डबा मुद्दाम लांब घेतला आणि आत जाळीचा पाईप आणि भोवती आवाज खाणारी वूल भरली, गाडी जवळजवळ कंपनीसारखी शांत आहे. मोठ्ठा आवाज पाहिजे असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या पोटकलम २ खाली १० हजारापर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. शिवाय पहाटे पाच वाजता गल्लीतनं निघताना शेजारी म्हातारी माणसं झोपलेली असतात.

आता सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते लिहितो कारण तयार सायलेन्सर तिथंच मार खातो. जिप्सीला मागं पाटे आहेत आणि टेलपाईप मागच्या एक्सलच्या वरून वळून जातो. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना सगळं मस्त बसतं, चारी बाजूनं दोन बोटं जागा दिसते. पण एक चाक बांधावर आणि दुसरं चरीत गेलं की एक्सल तिरका होऊन वर येतो आणि पाईपला ठोकतो. पहिल्या ट्रायलला आम्ही शेडच्या बाहेर मागचं एक चाक जॅकवर उचललं, मागं सिमेंटची सहा पोती टाकली, तरी बरोबर वाटलं. मग मी शेतात नेली, ओढ्याच्या उताराला ठण्ण आवाज आला, खाली वाकून बघितलं तर पाईपला नखाएवढा चकचकीत ओरखडा. परत गेलो. अण्णांनी काही न बोलता बेंड कापला आणि अर्धा इंच वर घेऊन परत जोडला, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत आवाज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेनलेस तापलं की एमएसपेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं. अडीच मीटरच्या लाईनीत सात-आठ मिमी सहज, मग हँगर घट्ट आवळलेले असले तर टाका फुटणारच, माझा आधीचा तसाच फुटला असणार. म्हणून पुढं जाळीचा फ्लेक्स (लवचीक पाईप) टाकला आणि मागं सगळे रबरी हँगर, कुठंही लोखंडी पट्टीनं बांधलेलं नाही.

खर्च असा, पाईप आणि बेंड २६००, फ्लेक्स ११००, डबा ३८००, मजुरी ४५००, रबर आणि गॅस्केट ६५०. एकूण १२,६५०. आधीच्या ऑनलाईनपेक्षा चार हजार जास्त, पण त्याचं एका वर्षात भंगार झालं.

ॲव्हरेज ९ वरनं ११ वर आलं, पण हे नव्या सायलेन्सरमुळं पळायला लागली असं समजू नका. आधी पुढच्या फ्लँजला गळती होती, तिथनं बाहेरची हवा आत ओढली जायची, ऑक्सिजन सेन्सरला वाटायचं मिश्रण पातळ आहे आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवायचा. गळती बंद झाली, पेट्रोल वाचलं, एवढंच. ताकद आहे तेवढीच आहे.

पाचटाचं मात्र जरूर वाचा. जानेवारीत ऊसतोडीच्या फडात गाडी घेऊन गेलो, टोळीला पाणी द्यायचं होतं. परत येताना जळका वास आला, थांबून बघतो तर कॅट आणि चेसिसच्या फटीत मूठभर वाळलं पाचट अडकलेलं, कडा काळ्या झालेल्या, धूर निघत होता. पाण्याची बाटली ओतली, हातानं ओढून काढलं, दोन बोटं भाजली. चालू गाडीत कॅट चारशे-पाचशे डिग्रीच्या वर असतो आणि मी फडाच्या मधोमध उभा होतो, बाजूला टोळीच्या बायका आणि लेकरं होती. तो विचार अजून जात नाही. दुसऱ्याच दिवशी अण्णांकडं जाऊन कॅटखाली पत्र्याची हीटशील्ड लावली आणि त्या फटीला जाळी मारली. फडात जाणाऱ्या प्रत्येकानं पेट्रोल गाडी असो की डिझेल, बाहेर आल्यावर एकदा खाली वाकून बघावं.

काळ्या मातीचा चिखल गरम पाईपवर बसला की विटेसारखा कडक होतो आणि ओल आत धरून ठेवतो, त्यामुळं पावसाळ्यात आठवड्याला प्रेशरनं पाणी मारतो, पण गाडी गार झाल्यावरच. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिमीचं भोक ठेवून घेतलंय, सकाळी चालू केली की तिथनं पाण्याचे थेंब पडताना दिसतात, तेच आधी आत साचायचं. भोक चिखलानं बुजतं, तारेनं मोकळं करावं लागतं.

रंग पुढच्या बाजूला सोनेरी आणि मग निळसर तपकिरी झालाय, तो उष्णतेचा रंग आहे, गंज नाही. टाक्यांवर तांबडं कुठंही नाही, परवाच पडून टॉर्चनं एकेक बघितलं.

एक तक्रार आहे ती राहिलीय. पुणे रोडला सावळेश्वर टोलनाक्याच्या पुढं गाडी ६५ ते ७५ मधे धरली की आत घुमतं, कानाला दडा बसल्यासारखं, ८० ला परत शांत. तासभर चालवली की आईला त्रास होतो. वूलचा डबा वरचा आवाज खातो पण हा खालचा घुमारा त्याला जात नाही, त्याला वेगळा छोटा रेझोनेटर लागतो असं अण्णांचं म्हणणं. डबा आणि एक्सलच्या मधे मोजून एक फूट सरळ पाईप आहे, तिथं बसतो. पाऊस उघडला की नवरात्राच्या आधी ते करून घेणार आहे.