वासराचं दूध एकदम तोडावं की हळूहळू?

कालवड दोन महिन्यांची झाली, की गोठ्यात हा प्रश्न येतोच. रोजचं चार लिटर दूध आजपासून डेअरीला घालायचं, की अजून पंधरवडाभर तिला पाजायचं?

एकदम तोडण्याचा फायदा रोख आहे. हळूहळू तोडायचं तर पाच दिवस तीन लिटर, पाच दिवस दोन आणि शेवटचे चार दिवस एक, असं 29 लिटर दूध जातं. लिटरला 35 रुपये धरले, तर हजारभर रुपये झाले. लहान गोठ्याला एवढे पैसे जाणवतात. तरीही मी हळूहळूच्याच बाजूचा आहे.

जन्मलेल्या वासराचं कोटीपोट, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातला पहिला कप्पा, अगदी लहान असतं. दूध त्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. खुराक खाल्ला, तो कोटीपोटात आंबला, की मग तिथलं अस्तर वाढतं. त्याला तीनेक आठवडे लागतात. त्याआधी दूध थांबलं, तर पुढ्यात खुराक असून वासरू उपाशी राहतं. आमच्या तांबड्या कालवडीचं दूध आम्ही घाईने तोडलं. तीन दिवस ती हंबरत होती, शेजारच्या वासराची बेंबी चोखत होती, आणि घमेल्यातला खुराक सकाळी तसाच दिसायचा. आठवड्यात बरगड्या मोजता येऊ लागल्या.

आईच्या आमवातावरच्या स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या, तेव्हा मला हीच कालवड आठवली. गोळ्या बरेच दिवस चालल्या, की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

एकदम तोडलेलं चालतं, पण वय बघून नव्हे. चार लिटरवरची कालवड सलग तीन दिवस रोज किलोभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचा खुराक, खात असेल, तर फारसं बिघडत नाही. सहा-आठ लिटर पिणाऱ्या वासराचं मात्र कधीच एकदम तोडू नका. पोट दुधानेच भरल्यामुळे ते खुराकाकडे वळलेलंच नसतं.

गीर, खिल्लार अशा देशी गायींचा हिशोब वेगळा. वासरू लावल्याशिवाय पान्हा न सोडणारी गाय, वासरू अचानक तोडलं तर दूध चोरते. तिथे हळूहळूला पर्याय नाही.

कोणताही मार्ग घ्या, त्या पंधरवड्यात शिंगं जाळणं किंवा दावण बदलणं टाळा. आणि पाण्याची बादली दिवसभर भरलेली ठेवा. पाणी कमी पडलं, की खुराकही कमी होतो.