बेल्ट अडवावा की इन्सर्टर? सुशी बेल्टच्या फाटकाबद्दल

फॅक्टोरिओ या कारखाने उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये संशोधनाला लागणारे सहा रंगांचे सायन्स पॅक एकाच गोल फिरणाऱ्या बेल्टवरून (यालाच सुशी बेल्ट म्हणतात) लॅबना पुरवायचे ठरवलं, की पहिला प्रश्न फाटकाचा येतो. कुठला रंग किती आत सोडायचा? येणाऱ्या बेल्टच्या एका टाइलला (एका चौकोनाएवढ्या तुकड्याला) सिग्नलची वायर जोडून ती टाइलच थांबवता येते. नाहीतर बेल्ट लूपपाशी, म्हणजे त्या गोल बेल्टपाशी, आणून तिथेच संपवायचा आणि पुढचं काम अट घातलेल्या इन्सर्टरवर, म्हणजे वस्तू उचलून ठेवणाऱ्या यांत्रिक हातावर, सोपवायचं. माझे दोन्ही उपाय वापरून झाले आहेत. फिल्टरचा स्प्लिटरही (बेल्टचे दोन फाटे करणारा तुकडा) काहीजण सुचवतात, पण तो रंग वेगळे करतो, मोजत नाही. इथे खरं काम मोजण्याचंच आहे.

मोजणी दोन्हींत सारखीच. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या गेमच्या 2.0 आवृत्तीपासून एका टाइलला वायर लावून अख्खा लूप वाचता येतो. त्याआधी मी पल्सवर, म्हणजे पॅक आत येता-जाता मिळणाऱ्या क्षणिक सिग्नलवर, बेरीज-वजाबाकी करायचो. जाता जाता दोन पॅक हातात उचलले गेले, की तो हिशोब कायमचा चुकायचा.

टाइलचं फाटक मला सुरुवातीला फार आवडलं होतं. निळ्या (एक्सप्रेस जातीच्या) बेल्टवर सेकंदाला 45 वस्तू जातात आणि एक टाइल त्या सगळ्या अडवते. बेल्टला वीज लागत नाही. रचनाही नजरेला स्वच्छ दिसते.

पण जागा वाचवायला मी काळे (मिलिटरी) आणि निळे पॅक एकाच बेल्टवर आणले होते, बेल्टच्या दोन बाजूंपैकी प्रत्येकाला एक लेन. फाटकाची अट होती, काळे 40 पेक्षा कमी असतील तरच चाल. मग असं संशोधन लावलं ज्याला काळे लागतच नाहीत. लूपवर काळे 40 झाले, ते कमी होईनात, फाटक उघडेना. निळे संपत आले, लॅब एकेक करून थांबल्या. आणि निळ्या पॅकची भरलेली रांग लूपपासून एका टाइलवर उभी! टाइल थांबली की दोन्ही लेन थांबतात, हे माहीत असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग कॉम्बिनेटर (सिग्नलवर अटी तपासणारं यंत्र) लावून ‘दोन्हींपैकी काहीही कमी असेल तर उघड’ असं केलं. आता निळ्यांसाठी फाटक उघडलं की त्यांच्याबरोबर काळेही आत शिरायचे. होता होता लूप काळ्यांनी ठासून भरला, फिरायचाच थांबला. हाताने उचलून मोकळा करावा लागला, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. प्रत्येक रंगाला स्वतंत्र बेल्ट आणि स्वतंत्र टाइल दिली तर हा त्रास नाही, हे मान्य. माझ्याकडे तेवढी जागा नव्हती.

शेवटी तोच बेल्ट लूपच्या अलीकडे संपवला आणि टोकाला दोन इन्सर्टर ठेवले. एकाला काळ्याचा फिल्टर, दुसऱ्याला निळ्याचा. 2.0 पासून त्यासाठी वेगळा फिल्टर इन्सर्टर लागत नाही. प्रत्येकाची अट आपापल्या रंगापुरती, 40 पेक्षा कमी. काळ्यांची लेन भरून उभी राहते, निळ्यांची चालू राहते, एकमेकींचा संबंधच येत नाही. एक काळजी घ्यावी: स्टॅक साइझ (एका फेरीत उचलायच्या वस्तूंची संख्या) 1 करून ठेवावी, नाहीतर बोनसचं संशोधन झाल्यावर हात एका फेरीत एकाहून जास्त पॅक टाकतो.

वेग कमी पडेल अशी शंका मलाही होती. साधा इन्सर्टर पेटीतून पेटीत सेकंदाला 0.83 वस्तू नेतो. बेल्टवरून उचलताना थोडा फरक पडतो. माझ्या 12 लॅब, आणि संशोधनाचं एक युनिट 30 सेकंदांचं धरलं, तर प्रत्येक रंगाचे सेकंदाला 0.4 पॅक पुरतात. लॅबचा वेग वाढवला असेल तर हे गणित बदलेल, मग फास्ट इन्सर्टर लावावा. माझा लूप साधारण 60 टाइलचा, म्हणजे 480 वस्तूंची जागा. सहा रंग 40-40 धरले तरी निम्मा मोकळा राहतो, आणि तेवढा मोकळा असला की अडकत नाही.

एकाच जातीचा माल, तोही भरपूर सोडायचा असेल, तर मी अजूनही टाइलच घेईन. वीज बनवणाऱ्या बॉयलरच्या कोळशावर माझ्याकडे टाइलचंच फाटक आहे. वीज कमी पडली की विजेवरचे इन्सर्टर मंदावतात, आणि नेमक्या त्याच वेळी बॉयलरला कोळसा हवा असतो.