जपानी बागेत तान्हे मूल: बाबागाडी न्यावी की कॅरिअर?

घरात एक मूल पळते आणि दुसरे अजून मांडीवरचे असेल, तर बागेत निघताना बाबागाडी घ्यावी की तान्ह्याला छातीशी बांधायचे कॅरिअर घ्यावे, हा वाद दारातच सुरू होतो. साध्या बागेपुरता तो फारसा महत्त्वाचा नाही. सिमेंटच्या वाटेवर दोन्हींचे जमते. जपानी धाटणीच्या बागेत मात्र गोष्ट वेगळी होते, असा आमचा अनुभव आहे. आम्ही नागपूरचे असल्यामुळे सेमिनरी हिल्सवरचे जपानी गार्डन सकाळच्या फिरण्यासाठी जवळचे, आणि सुटीत पुण्याला जाणे झाले की सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ठरलेले. थोरला साडेचार वर्षांचा आहे, धाकटी अकरा महिन्यांची. दोन्ही साधने आमच्या घरात आहेत आणि दोन्हींचे पैसे मोजून झालेले आहेत, म्हणून एकाची बाजू उचलून धरण्यात माझा काही स्वार्थ नाही. चाके किती, पट्टे किती, वजन किती हे दुकानदार सांगतोच. ते येथे सोडून देतो.

आधी बाबागाडीविषयी, कारण सुरुवातीला मी तिचाच पक्षपाती होतो. मूल झोपले तर झोपू द्यावे, पाण्याच्या बाटल्या, लंगोट आणि थोरल्याचा बदलायचा शर्ट खालच्या जाळीत टाकावा, वर छत ओढून घ्यावे आणि आपण मोकळ्या पाठीने चालावे, हे सुख लहान नाही. नागपूरच्या उन्हात त्या छताची किंमत वेगळी सांगायला नको. शिवाय बाबागाडीच्या बाजूने एक मुद्दा असा आहे, जो मला बराच उशिरा सुचला. जपानमधल्या काही बागा बसून पाहण्यासाठीच रचलेल्या आहेत. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातली पंधरा दगडांची बाग ओसरीवर बसून पाहायची असते. बाबागाडीतल्या मुलाची नजर साधारण त्याच उंचीवर असते. तळ्याच्या अगदी काठाशी गाडी उभी केली, की आमची धाकटी पाण्यातल्या लाल-पांढऱ्या माशांकडे बराच वेळ टक लावून बसते, आणि कडेवर असताना ती इतकी स्थिर कधीच नसते. अर्थात काठापासून चार पावले मागे आले, की तिच्यापुढे कातरलेल्या झुडपांची भिंत उभी राहते आणि ती माझ्याकडे हात पसरते.

अडचण सुरू होते ती वाटेपासून. माणसाला सरळ आणि लवकर पलीकडे पोचवावे, हा या बागांतल्या वाटांचा हेतूच नाही. जपानी चहाविधीच्या घरापुढच्या बागेत ओल्या मातीत पाय भरू नयेत म्हणून सुटे दगड मांडण्याची पद्धत पडली, आणि मग त्याच दगडांनी चालणाऱ्याची गती ठरवायला सुरुवात केली: दगड लहान आणि विस्कळीत असेल तेथे माणूस खाली पाहत जपून चालतो, मोठा दगड आला की थांबतो, मान वर करतो, आणि नेमके तेथेच काहीतरी पाहण्यासारखे ठेवलेले असते. सोळाव्या शतकातला चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू अशा दगडांत सहा भाग चालण्याची सोय आणि चार भाग शोभा असावी असे मानत असे, तर त्याचा शिष्य फुरुता ओरिबे हे प्रमाण उलटे धरत असे, असे सांगतात. बाबागाडीच्या चाकांना गुरू आणि शिष्य दोघेही सारखेच परके. दगड नसतील तेथे खडी असते, आणि खडीत पुढची लहान चाके आडवी होऊन रुततात. तेथे गाडी ढकलण्यापेक्षा उलटी फिरवून ओढत नेणे सोपे, हे मी घामाघूम झाल्यावर शिकलो. कमानदार पुलावर चढताना मागची चाके धरायला दुसरे माणूस लागते. फळ्या नागमोडी टाकलेल्या पुलावर तर गाडी वळतच नाही.

पण एवढ्यासाठी मी बाबागाडी सोडली नसती. सोडली ती वेगळ्या कारणाने. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही परगावच्या एका अशाच बागेत गेलो होतो. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तळ्याला लागून सुट्या दगडांची छोटी वाट होती. पत्नी बाटली भरायला नळाकडे गेली होती, धाकटी गाडीत झोपलेली होती, आणि थोरल्याला मी ‘माझ्याजवळच राहा’ असे बजावले होते. दोन दगडांच्या फटीत पुढचे जोडचाक बरोबर बसले. ढकलून निघेना, ओढून निघेना. मुलगी जागी होऊ नये म्हणून हिसकाही देता येईना. मी एका हाताने दांडा धरून खाली वाकलो आणि दुसऱ्या हाताने चाक सोडवू लागलो. मान वर केली तेव्हा थोरला तळ्याच्या कडेच्या दगडावर पालथा पडून माशांसाठी पाण्यात हात घालत होता आणि त्याचा पोटापर्यंतचा भाग दगडाच्या पुढे गेलेला होता. दगडावर शेवाळ होते. अशा तळ्यांना कठडा नसतो, कारण कठडा आला की पाणी आणि काठ यांच्यामध्ये रेघ उभी राहते आणि बागेचा सारा भाव जातो. हे मला माहीत होते, आवडतही होते. त्या क्षणी मात्र दांडा सोडावा तर उतारावर गाडी कलंडेल आणि न सोडावा तर मुलगा जाईल, अशा अवस्थेत मी ओरडण्यापलीकडे काहीही केले नाही. शेजारून जाणाऱ्या एका आजींनी त्याची चड्डी पकडून त्याला मागे ओढले आणि माझ्याकडे न पाहताच ‘लेकरू सांभाळा’ एवढे म्हणून त्या पुढे निघून गेल्या. धाकटी या सगळ्यात जागी झाली नाही; बाबागाडीचा हा गुण मला तेव्हाही नाकारता आला नाही.

तेव्हापासून माझ्या दृष्टीने प्रश्न मुलीच्या सोयीचा राहिलेला नाही, माझ्या हातांचा झाला आहे. कॅरिअरमध्ये तान्हे मूल असले की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि जपानी बागेत त्यातला एक हात थोरल्याच्या मनगटासाठी सतत लागतो. दुसराही फायदा हळूहळू लक्षात आला. या बागांत दृश्य एकदम समोर येत नाही. वळणामागे, झाडाआड ते अर्धे लपवलेले असते आणि चालता चालता उघडते. बाबागाडी ढकलताना माझी नजर सगळा वेळ चाकापुढच्या हातभर जमिनीवर असे. आता दगडावर पाऊल टाकून थांबलो की मीही वर पाहतो आणि माझ्या हनुवटीखालून धाकटीही पाहते.

कॅरिअरचे दोष लपवण्यात अर्थ नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा छातीशी मूल बांधणे म्हणजे दोघांचेही कपडे पिळून काढणे आहे, आणि उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या पुढे मी कॅरिअर वापरतच नाही. थोरल्याच्या बुटाची नाडी सुटली तर कमरेतून वाकता येत नाही, गुडघ्यांवर बसावे लागते, आणि उठताना तोंडातून आवाज निघतो. झोपलेले मूल मोटारीच्या सीटवर ठेवताना हमखास जागे होते. आणि फिरून झाल्यावर तर्री-पोहे खायचे असतील, तर मुलीच्या डोक्यावर गरम तर्रीची प्लेट धरून खाणे हा धाडसाचा प्रकार आहे. मी एकदा केला आणि पत्नीने प्लेट काढून घेतली. आमच्या आईला मात्र यात काही नवल वाटत नाही. शेतावर जाणाऱ्या बाया लुगड्याने लेकरू पाठीशी बांधत, त्याला तुम्ही हजारो रुपये दिले, असे ती म्हणते. जपानमध्येही मूल पाठीशी बांधायचा ओंबुहिमो नावाचा साधा पट्टा पूर्वापार आहे, हे तिला सांगितल्यावर तिने फक्त मान हलवली.

ज्यांना एकच मूल आहे, ज्यांची पाठ दुखते किंवा ज्यांना जुळी आहेत, त्यांनी माझे ऐकू नये. त्यांना बाबागाडीच बरी पडेल. बागेतल्या वाटा रुंद आणि सपाट असतील तरीही तसेच. पुण्याचे उद्यान ज्या धर्तीवर बेतले आहे ते जपानमधल्या ओकायामाचे कोराकुएन उद्यान, इ.स. १७०० मध्ये पुरे झालेले, विस्तीर्ण हिरवळींसाठी प्रसिद्ध आहे. अशा मोकळ्या रचनेत गाडी अडण्याचे प्रसंग कमी येत असावेत. मात्र बरोबर चार-पाच वर्षांचे पळते मूल असेल आणि बागेत उघडे पाणी असेल, तर निदान एका मोठ्या माणसाचे दोन्ही हात रिकामे असावेत, एवढे मी सुचवीन. आणि घरातून दोनच मोठी माणसे निघणार असतील, तर त्याचा अर्थ बहुधा कॅरिअर असाच होतो.

बाबागाडी आम्ही विकलेली नाही. ती घडी करून डिकीत असते, आणि बाग पाहून झाल्यावर पोह्याच्या ठेल्यापाशी उघडली जाते.