भूल देण्याआधीची शामक गोळी: घ्यावी का, आणि कोणती?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप न लागणे स्वाभाविकच आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आडगावच्या रुग्णाला तर त्यात पहाटेची एसटी गाठण्याची धास्तीही असते. अशा वेळी भूलतज्ज्ञ तोंडाने घेण्याचे शामक औषध सुचवतात.

लहान मुलांसाठी मिडाझोलाम आणि क्लोनिडिन ही दोन औषधे प्रामुख्याने ताडून पाहावी लागतात. मिडाझोलाम साधारणतः वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम दिले जाते, २० ते ३० मिनिटांत त्याचा परिणाम दिसतो, मूल आईला फारसे न बिलगता आत जाते आणि पुढे त्याला तो प्रसंग बहुधा आठवतही नाही. मात्र औषध कडू असते, आणि काही मुले शांत होण्याऐवजी उलट चिडतात. क्लोनिडिनची झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, नंतरची हुडहुडी व वेदनाही कमी होतात, पण ते तास-दीड तास आधी द्यावे लागते, नाडी व रक्तदाब उतरवते आणि आठवण पुसत नाही. जिथे शस्त्रक्रियांचा क्रम ऐनवेळी बदलतो, अशा छोट्या रुग्णालयात मी मिडाझोलामकडे झुकेन.

प्रौढांना बहुधा रात्री अल्प्राझोलामची ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमची गोळी देतात. डायझेपाम जुने व परिचित असले, तरी ते शरीरातून निम्मे होण्यासच २० ते ५० तास आणि म्हाताऱ्या माणसात त्याहूनही अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू काढून त्याच दिवशी घरी परतणाऱ्या आजीला पावसाळ्यात जांभ्याच्या ओल्या पायऱ्या चढायच्या असतील, तर ही गुंगी मला मुळीच परवडणारी वाटत नाही. शिवाय डोळ्याची शस्त्रक्रिया जागेपणी होते. पेंगलेला रुग्ण दचकून हलला, तर इजा होऊ शकते.

सर्वांनाच गोळी द्यावी, हा प्रघात तर मला अजिबात पटत नाही. फ्रान्समध्ये १०६२ प्रौढांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोराझेपाम हे असेच शामक औषध घेतलेल्यांचे समाधान वाढले नाही, उलट त्यांना श्वासनलिकेतील नळी काढण्याइतके सावध व्हायला अधिक वेळ लागला. घाबरलेल्या प्रौढाशी आदल्या दिवशी दहा मिनिटे नीट बोलणे मला अधिक मोलाचे वाटते. तरीही भीती फार असेल, तर गोळी जरूर मागावी.

झोपेत घोरताना ज्यांचा श्वास अडतो, त्यांनी ते आधीच सांगावे, कारण त्यांच्यासाठी ही औषधे धोक्याची ठरू शकतात. संमतिपत्रावरील सही गोळीच्या आधीच व्हायला हवी. गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. मात्र सकाळची पेज हे पाणी नव्हे, ते अन्नच आहे, आणि अन्न सहा तास आधी बंद करायचे असते.