कंपनीच्या पैशाची चाचणी की सरकारी? सही करण्याआधी

आईच्या मधुमेहासाठी पुण्यातल्या एका रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालता का, असं विचारलं. संमतीपत्र मराठीत, पण चांगलं जाडजूड. सही करायच्या जागी पेन्सिलीने आधीच फुल्या मारलेल्या. प्रत मागितली तर "नंतर देतो" म्हणाले. सही केलेली प्रत मिळणं हा आपला हक्क आहे. ते कबूल होईपर्यंत आम्ही पेन उचललं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर दोन प्रश्न वेगळे ठेवा. आपल्या माणसाची काळजी कोण घेणार? आणि निघेल त्या निष्कर्षावर विश्वास किती ठेवायचा? माझ्या मते दोन्हींची उत्तरं उलट येतात.

काळजीत कंपनीची चाचणी बरेचदा उजवी. नव्या औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, आणि २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई प्रायोजकाने (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने) द्यायची. बाजारात आधीच असलेल्या औषधावर एखादं कॉलेज स्वतः अभ्यास करतं तेव्हा बहुधा एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पुरते. तिथे भरपाई कोण देणार, ते संमतीपत्रात बोट ठेवून दाखवायला सांगा.

निष्कर्षाचं मात्र उलट. कंपनीने पैसे दिलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष तिच्या उत्पादनाच्या बाजूने झुकण्याचं प्रमाण जास्त असतं, असं कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) २०१७ च्या आढाव्यात दिसलं. आकडे खोटे असतात असं नाही. तुलना कशाशी करायची, तिथेच पारडं झुकू शकतं. गोळीची तुलना नुसत्या साखरेच्या गोळीशी केली, तर जुन्या स्वस्त औषधापेक्षा ती बरी आहे का, हे कळतच नाही. डेक्सामेथासोनसारखं अगदी स्वस्तात मिळणारं जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, ती मुख्यतः सरकारी निधीवर चालली होती.

कंपनी आणि सार्वजनिक संस्था यांच्या भागीदारीतलं संशोधन सरसकट नाकारू नये. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची मेनआफ्रिव्हॅक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही ना-नफा संस्था यांच्यासोबत तयार केली. डोस ५० सेंटच्या आत मिळावा हे आधीच ठरलं होतं, आणि २०१० मध्ये ती वापरात आली. उलट २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थाही होती, तरी कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. सरकारचं नाव जोडलेलं असलं म्हणून कागद वाचायचं टाळू नका.

चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत (सीटीआरआय, २००९ पासून सक्तीची) प्रायोजक आणि पैशाचा स्रोत लिहिलेला असतो. नोंदणी क्रमांक संमतीपत्रावर नसेल तर मागून घ्या. मग डॉक्टरांना विचारा: आकडे कोणाच्या ताब्यात राहणार, आणि निकाल कंपनीच्या विरोधात गेला तर तो छापायचा अधिकार तुम्हाला आहे का? आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ घेतला, मग करारातलं ते कलम आणून दाखवलं. आईने त्यानंतर सही केली.